गिटहबची खबर स्लॅकवर आणताना

नव्या टीममध्ये रुजू झालं की ‘रेपोच्या नोटिफिकेशन्स स्लॅकवर आण जरा’ हे काम हमखास नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. म्हणजे गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात (रेपोत) काय घडतंय, ते टीमच्या स्लॅक या चॅट-ॲपवर दिसायला हवं. जोडणी सोपी आहे. पण आठवड्याभरात सगळ्यांनी चॅनेल म्यूट केलं, तर ती असून नसल्यासारखी. म्हणून काय येऊ द्यायचं नाही, ते आधी ठरवा.

गिटहबचं अधिकृत स्लॅक ॲप घ्या. चॅनेल खासगी असेल तर आधी ‘/इन्व्हाइट @गिटहब’, मग ‘/गिटहब साइनइन’, मग ‘/गिटहब सबस्क्राइब मालक/रेपो’. (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं.) रेपो सापडत नाही असं उत्तर आलं, तर बहुधा गिटहबच्या बाजूने ॲपला त्या रेपोची परवानगीच नसते. ती ऑर्गनायझेशनच्या ओनरकडे मागा.

सबस्क्राइब करताच इश्यू, पुल रिक्वेस्ट (माझे बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती), कमिट (कोडमधला एकेक नोंदवलेला बदल), रिलीज आणि डिप्लॉयमेंट हे पाच प्रकार आपोआप सुरू होतात. कमिट लगेच बंद करा: ‘/गिटहब अनसबस्क्राइब मालक/रेपो कमिट्स’. पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्याचं (बदल कोडमध्ये मिसळल्याचं) कळतंच, मग तेच कमिट पुन्हा कशाला? रिव्ह्यू मात्र मुळात बंद असतात; ते सुरू करा, कारण माणसं अडून बसतात ती रिव्ह्यूवरच.

खरी गोची बिल्डची, म्हणजे कोडच्या आपोआप होणाऱ्या बांधणी-तपासणीची. ती गिटहबवर ‘वर्कफ्लो’ नावाच्या ठरवून दिलेल्या कामांतून चालते. नुसतं ‘वर्कफ्लोज’ सबस्क्राइब केलं की डिफॉल्ट ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर, बहुधा ‘मेन’) येणाऱ्या पुल रिक्वेस्टचेच रन दिसतात. मेनवर पुश झाल्यावर बिल्ड फुटला तरी चॅनेल गप्प! त्यासाठी इव्हेंट ‘पुश’ आणि ब्रँच ‘मेन’ असा फिल्टर द्यावा लागतो.

फक्त फुटलेलेच बिल्ड हवे असतील तर ॲपच्या भरवशावर राहू नका. स्लॅकचा इनकमिंग वेबहुक (बाहेरून मेसेज स्वीकारणारी यूआरएल) बनवा आणि वर्कफ्लोमध्ये ‘इफ: फेल्युअर()’ अशी स्टेप घालून तिथून मेसेज पाठवा. ही स्टेप वेगळ्या जॉबमध्ये (वर्कफ्लोमधल्या स्टेप्सच्या गटात) ठेवलीत तर ‘नीड्स’मध्ये आधीच्या जॉबचं नाव हवंच, नाहीतर अट कधीच खरी ठरत नाही आणि जॉब मुकाट्याने स्किप होतो. वेबहुकची यूआरएल ज्याच्या हाती पडेल तो चॅनेलवर काहीही टाकू शकतो, म्हणून ती रेपोच्या सीक्रेट्समध्येच (गुप्त माहितीच्या सेटिंगमध्ये) ठेवा. फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला सीक्रेट मिळत नाही, तेव्हा तिथे ही स्टेप रिकाम्या यूआरएलवर आपटते. सीक्रेट नसेल तर स्टेप वगळायची, अशी अट आधीच घालून ठेवा.

तीच यूआरएल गिटहबच्या वेबहुक सेटिंगमध्ये चिकटवून मात्र भागत नाही. स्लॅकला ‘टेक्स्ट’ फील्ड लागतं, गिटहबच्या पेलोडचा (पाठवलेल्या डेटाचा) साचा निराळा. स्लॅकऐवजी डिस्कॉर्ड हे चॅट-ॲप वापरणारे सुखी: वेबहुकच्या यूआरएलच्या शेवटी ‘/गिटहब’ जोडलं की झालं.