बिल्डिंग काढायचीय? मग आधी बिल्डिंग सोडून बाकीचं काढा

पर्स्पेक्टिव्हचे (लांबचं लहान दिसतं ते कागदावर आणायच्या नियमांचे) व्हिडिओ बघून, दोन व्हॅनिशिंग पॉइंट (मागे जाणाऱ्या रेघा मिळतात ते बिंदू) मांडून पट्टीने काढलेल्या बिल्डिंगा मी खूप बघितल्यात, सगळ्या एकाच बिल्डरने बांधल्यासारख्या दिसतात. पट्टी घरी ठेवा. पर्स्पेक्टिव्ह नंतर शिकलात तरी काही बिघडत नाही.

बसून काढायला जागा म्हणाल तर नवी मुंबईतल्या बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात केलेली ही वसाहत, सात-सात घरं एकेका छोट्या चौकाभोवती, आणि शेजाऱ्याशी भिंत कॉमन नाही म्हणजे घराघरांत मोकळी फट ठेवलेलीच. आता बऱ्याच जणांनी मजले चढवलेत, आर्किटेक्ट लोक हळहळतात पण आपल्याला ते बरंच, कारण बुटक्या उतरत्या छपराशेजारी उंच सपाट भिंत आली की मधे आकाशाचा मस्त वेडावाकडा तुकडा मिळतो. लोकांच्या दारात बसणार आहात तर विचारून बसा. ठाणेकरांनी सकाळी लवकर तलावपाळी गाठावी.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदात ७ × १० सेंमीची खिडकी कापा, आणि ड्रॉइंगच्या कागदावर १४ × २० ची चौकट आखा. प्रमाण सेमच पाहिजे. दोन्हीकडे चारही बाजूंच्या मध्यावर खूण करा.

आता खरी गोची. एक डोळा मिटून, कोपर ताठ ठेवून खिडकीतून बघितलं की दिसतं एक आणि हात काढतो दुसरंच, कारण 'छप्पर' म्हटलं की हाताला शाळेतल्या चित्रातलं दोन डोंगर आणि सूर्यासमोरचं घर आठवतं. मी इथेच कितीतरी दिवस अडकले होते. यातून सुटायचं तर ज्याला नावच नाही असा तुकडा आधी काढायचा, म्हणजे दोन घरांमधलं आकाश. हात पाठ केलेलं काढूच शकत नाही, कारण पाठ काहीच नसतं.

वरच्या कडेला टेकणारा तुकडा निवडा. डावीकडची भिंत चौकटीला मधल्या खुणेच्या अलीकडे कापते की पलीकडे, एवढंच बघा आणि कागदावर तिथे टिंब द्या. मग छपराचा उतार. पेन्सिल उतारावर धरून कोन घ्यायचा आणि तसाच कागदावर आणायचा, पण नव्वद टक्के लोक इथे माती खातात: छप्पर मागे मागे जातंय म्हणून पेन्सिलसुद्धा मागे झुकवतात. अजिबात नाही! तुमच्यासमोर काच उभी आहे आणि पेन्सिल त्या काचेला चिकटलीय असं समजा, ती फक्त डावी-उजवीकडे कलली पाहिजे. छपराची रेघ वाटते त्यापेक्षा जास्त तिरकी निघेल, विश्वास बसणार नाही, तरी पेन्सिल सांगेल तेच काढा.

तुकडा बंद झाला की आतून सपाट रेघा मारून भरून टाका. मग त्याला लागून असलेला पुढचा. केबलच्या तारांना शिव्या देऊ नका, तार आणि खांबामुळे मोठ्या आकाशाचे छोटे छोटे बंद तुकडे होतात आणि ते काढायला सोपे. एसीचा डबा आणि छज्जा यांच्यामधली भिंत, जिन्याखालचा काळोख, सगळे तुकडेच. असं करत गेलात की मधे कोरी बिल्डिंग उरते. कुठे जुळत नसेल तर बिल्डिंगची रेघ खोडू नका, शेजारचा तुकडा परत मापा, त्याची रुंदी उंचीच्या निम्मी आहे का जास्त, चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.

मोबाईलवर फोटो काढून घरी बसून काढतो म्हणणाऱ्यांना एकच, फोन जरा वर कलवला की उभ्या भिंती वरती एकमेकींकडे झुकतात आणि तुम्ही तेच इमानदारीत कॉपी करता.

खिडक्या, सावल्या शेवटी. ग्रिलचा प्रत्येक गज काढत बसू नका, दोन-तीन काढा आणि सोडा.