स्नायू शिथिल करणारी औषधे : देताना आणि उतरवताना

स्नायू शिथिल करणारे औषध रुग्णाला झोप आणत नाही, त्याच्या वेदनाही थांबवत नाही. ते केवळ त्याची हालचाल आणि श्वास थांबवते. जिल्ह्यातील लहान रुग्णालयांत एकट्याने भूल देणाऱ्या नव्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी मनात पक्की करावी, कारण झोपेचे औषध कमी पडलेला रुग्ण जागा असूनही पापणीसुद्धा हलवू शकत नाही. म्हणून झोपेचे औषध आधी द्यावे, आणि ऑक्सिजन, सक्शन व श्वासनलिकेत घालायची नळी हाताशी असल्याशिवाय शिथिलक देऊच नये.

मज्जातंतूच्या टोकातून सुटलेले ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन स्नायूवरील रिसेप्टरला, म्हणजे त्याच्या ठरावीक जागेला, चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम ही शिथिलके तीच जागा अडवून बसतात. स्कोलिन (सक्सिनिलकोलीन) हे शिथिलक मात्र आधी स्नायूला उत्तेजित करते, त्यामुळे अंगभर बारीक थरथर दिसते आणि मग स्नायू ढिले पडतात. किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम स्कोलिन दिल्यास साधारण मिनिटभरात नळी घालता येते, आणि रक्तातील कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करत असल्यामुळे ५ ते १० मिनिटांत परिणाम ओसरतो.

आपल्या नाशिकमध्ये इथेच सावध राहावे लागते. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण आला आणि ते औषध ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील असले, तर हेच कोलिनेस्टरेज निकामी झालेले असते आणि एरवी काही मिनिटांत उतरणारे स्कोलिन तासन्‌तास टिकू शकते. अशा वेळी किलोमागे १.२ मिलिग्रॅम रोक्युरोनियम घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. तेही साधारण मिनिटभरात काम करते. भाजून काही दिवस झालेल्या किंवा रक्तातील पोटॅशियम वाढलेल्या रुग्णालाही स्कोलिन देऊ नये, कारण त्याने पोटॅशियम आणखी वाढून हृदय थांबू शकते.

मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असल्यास ॲट्राक्युरियम सोयीचे, कारण शरीराचे तापमान आणि रक्ताची आम्लता यांच्यावर अवलंबून ते बहुतांशी आपोआप विघटित होते. मात्र रुग्ण गार पडला की हा वेग मंदावतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला उबदार ठेवणे हा म्हणूनच औषधयोजनेचाच भाग समजावा.

खरी कसोटी शेवटी लागते. सुरुवातीच्या काळात मी एका आजोबांची नळी, त्यांनी डोळे उघडले आणि मान उचलली एवढ्यावर काढली. काही मिनिटांतच जबडा सैल पडला, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाऊन पोट वर येऊ लागले, आणि घाबरलेली नजर माझ्यावर खिळली. मास्कने श्वास देऊन ते सावरले. पण तेव्हापासून मी अंदाजावर विसंबत नाही.

मनगटाशी अल्नर नर्व्ह या मज्जातंतूवर इलेक्ट्रोड लावून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे ४ सौम्य झटके द्यावेत आणि अंगठा पाहावा. चौथ्या झटक्याला अंगठा हलण्याची ताकद पहिल्याच्या किमान ०.९ पट होईपर्यंत नळी काढू नये. हा आकडा मोजणाऱ्या यंत्रावरच पाहावा, कारण गुणोत्तर ०.४ च्या पुढे गेले की आपल्या बोटांना फरक जाणवत नाही. चारही झटक्यांना अंगठा हलू लागल्यावर शिथिलकाचा परिणाम उतरवणारे निओस्टिग्मिन किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, एकूण ५ मिलिग्रॅमच्या आत, हृदयाची गती मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेटसह द्यावे. परिणाम गाढ असताना ते पुरे पडत नाही. सुगामाडेक्स हे दुसरे औषध गाढ परिणामही उतरवते, पण केवळ रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियमचा. ॲट्राक्युरियमवर त्याचा उपयोग नाही.

रुग्णाला वॉर्डात पाठवण्यापूर्वी शिरेत लावलेली सुईची नळी आणि तिचे प्रत्येक तोंड सलाइनने धुऊन घ्यावे. तिथे अडकून राहिलेले थोडेसे शिथिलक पुढचे इंजेक्शन देताच आत जाते, आणि त्या वेळी खाटेजवळ भूलतज्ज्ञ नसतो.