हेरल्डच्या पुढच्या चाकाला ग्रीस नको, तेल पाजा

सोलापुरात आमच्या गल्लीतली पोरं माझ्या गाडीला बेडूक म्हणतात. डोळे वर आलेले, तोंड फाकलेलं, त्यामुळे नाव चुकीचंही नाही. १९६६ ची दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची. मूळ गाडी इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली आणली, तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्ती नावाच्या डिझायनरने काढलेलं. तिचीच चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार बनवली. म्हणून माझ्या बेडकाचं स्पिटफायरशी नातं सख्ख्या चुलत बहिणीचं आहे, आणि तिच्यावर काम करायचं तेही त्याच पद्धतीने.

माझा धंदा लेथचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दोन लेथ आहेत, यंत्रमागाचे बुश, पिना, छोटे शाफ्ट करून देतो. गाडी २००९ मध्ये घेतली तेव्हा वाटलं होतं, लोखंडाचंच काम आहे, आपल्याला काय अवघड? दोन वर्षांत गाडीने उत्तर दिलं. मे महिन्यात आसरा चौकात वळत होतो, वेग सायकलीएवढा, आणि पुढचं डावं चाक फतकल मारून बसावं तसं आडवं झालं. रसवंतीवरचा पोरगा धावत आला, "ओ काका, चाक झोपलं की!" हायवेवर झोपलं असतं तर हे लिहायला मी नसतो. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी चाकाचं सांगतो.

हेरल्डच्या पुढच्या चाकाचा भार एका उभ्या पोलादी दांड्यावर असतो, त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी रंगाच्या तुकड्यात फिरवून बसवलेले असतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. म्हणजे तुमचं पुढचं चाक सतत नटबोल्टसारखं थोडं आवळतं, थोडं सुटतं. या आट्यांना पातळ वंगण लागतं. कंपनीने सांगितलंय ईपी ९० गियर ऑइल. पण निपल, म्हणजे वंगण भरायचं तोंड, दिसलं की आपल्याकडचा मेकॅनिक ग्रीस गन लावतोच. ज्या गॅरेजात मी गाडी दिली होती तिथे दोन वर्षं इमानदारीने ग्रीस भरलं गेलं. ग्रीस आट्यांच्या पोटात शिरत नाही, बाहेरच साबणासारखं वाळतं. आत धूळ आणि पावसाचं पाणी बसतं, आटे कोरडे चालतात, जड होतात, आणि एक दिवस दांडा पहिल्या आट्यापाशी मोडतो.

काम असं करा. जुनी असली तरी चालेल, एक ग्रीस गन कायमची वेगळी काढा, रॉकेलने धुऊन आतलं ग्रीसचं नाव पुसा आणि तिच्यात ईपी ९० भरा. माझ्या गनला मी लाल रंग दिलाय, म्हणजे वर्कशॉपमधल्या पोराने चुकूनही लेथच्या ग्रीसला वापरू नये. ही गन गळते, पँट खराब होते, त्याला इलाज नाही. गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी (टेकूचा स्टँड) लावा, चाक अधांतरी राहू द्या. ट्रनियनवर निपल नसेल तर छोटा प्लग असेल, तो काढून तात्पुरतं निपल बसवा. एकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगा आणि तुम्ही पंप करत राहा. सुरुवातीला काळं, मातकट तेल बाहेर येईल. स्वच्छ तेल वरच्या रबराजवळ दिसेपर्यंत थांबू नका. पुस्तिकेत ६,००० मैलांचा हिशोब आहे, पण तो इंग्लंडच्या रस्त्यांसाठी. मी दर दोन महिन्यांनी करतो आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली तर त्याच आठवड्यात.

ट्रनियन झिजला असेल तर सोलापूरकराला एक सोय आहे. इथल्या कुठल्याही चांगल्या टर्नरकडे गनमेटलचा बुश काढणं म्हणजे रोजची भाकरी. मी ट्रनियन स्वतः काढले. एका बाजूचे आटे उलटे असतात हे विसरलो आणि पहिला तुकडा भंगारात गेला. पण उभा दांडा मात्र लेथवर करू नका, मोडलेला वेल्डिंग तर मुळीच करू नका. तो ठोकून घडवलेल्या पोलादाचा असतो. इंग्लंडमध्ये अजून नवे मिळतात, कुरिअरचे पैसे जातात, जाऊ द्या.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला सहज जातो, आणि ही गाडी थंड देशात जन्मलेली. गाडी तापते म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका." म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. नका काढू. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन डिसेंबरच्या सकाळी वेळेवर गरम होत नाही, तेल घट्ट राहतं आणि सिलिंडर आतून झिजतात. तापण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं, आणि सोलापुरात ते दोन ठिकाणी असतं. एक, बोअरचं पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून लोक रेडिएटरमध्ये बोअरचं भरतात. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, तिसरं काही नाही. दुसरं कारण रुई. माझ्या वर्कशॉपच्या शेजारी यंत्रमाग आहेत. मागातून उडालेली रुई रेडिएटरच्या जाळीत नमद्यासारखी बसते आणि समोरून पाहिलं तर दिसतही नाही, कारण ती पातळ पत्र्यांच्या फटींत आत अडकते. महिन्यातून एकदा इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारा. जास्त दाब दिला तर पत्री वाकते.

एवढं करूनही सिग्नलला काटा चढत होता, म्हणून मी मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा लावला. गाडीत केलेल्या बदलांपैकी सगळ्यात पैसावसूल हाच. रेडिएटरच्या मागे लावा, रिले (बटणावर भार न टाकता वीज देणारा स्विच) वापरा, चालू झाल्यावर पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद चिकटला तर बरोबर. उडाला तर तारा उलट्या लागल्यात, आणि पंखा गाडीच्या हवेशी कुस्ती खेळतोय.

या पंख्याला जुना डायनमो, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारा भाग, पुरत नाही. त्यासाठी जास्त वीज देणारा ऑल्टरनेटर घेतला, तोही मारुतीचाच, ब्रॅकेट घरच्या लेथवर. माझी गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली होती, जुन्या इंग्रजी गाड्यांची ती खोड. ऑल्टरनेटरला निगेटिव्ह अर्थ लागतो. बॅटरीच्या तारा बदलल्या की कॉइलच्या तारा अदलाबदल करायला विसरू नका, गाडी चालू होते पण ठिणगी कमजोर पडते आणि माणूस आठवडाभर कार्बोरेटर उघडत बसतो. मी बसलो होतो.

माझा एक नियम आहे. बदल असा करायचा की एका रविवारी मूळचं सगळं परत जागेवर बसलं पाहिजे. चासीला नवीन भोक पाडायचं नाही, मूळ तार कापायची नाही, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा. या नियमाने मला एकदा वाचवलं. स्पिटफायरला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) असतात, माझ्या ९४८ सीसीच्या इंजिनाला सोलेक्स बनावटीचा एकच. जुगाड करून दोन एसयू मिळवले आणि बसवले. कानाला रबरी नळी लावून दोन्हीचा हिस्स आवाज सारखा करण्यात तीन महिने गेले. गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकची एकच लाइन, एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. पळणारी आणि न थांबणारी गाडी घेऊन कुठे जायचं? सोलेक्स खोक्यातून काढून परत लावला. आधी ब्रेकच्या रबरी नळ्या नव्या घाला, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, मग वेगाचं बघा. पोरं विचारतात, मारुती एस्टीमचं इंजिन का नाही टाकत? तेव्हा मी त्यांना चहा पाजतो आणि विषय बदलतो.

पेट्रोलचंही आता पहिल्यासारखं राहिलं नाही. २००० सालापासून शिसं गेलं, त्यामुळे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडाल तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, नाहीतर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुततात आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. ते जुन्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा खातं, पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. मिश्रणही पातळ पडतं, प्लग पांढरे दिसले तर जेट (पेट्रोल येण्याचं भोक) एक नंबर मोठा करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवून मगच बंद करा. दुपारी गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी चालू होत नसेल तर पेट्रोलची वाफ झाली आहे. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे चूल आणि माठ शेजारी ठेवल्यासारखं होतं. मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. तोवर पंपावर ओली चिंधी.

फटी थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात: टॅपेट थंड इंजिनावर दहा, पॉइंट पंधरा, प्लग पंचवीस. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. हे आकडे मी बोनेटच्या आत रंगाने लिहिलेत. इंजिन ऑइल २०-५०, साधं मिनरल. गियरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल मागा. जीएल-५ जास्त भारी म्हणून दुकानदार देईल, पण ते गियरबॉक्समधल्या पितळेच्या रिंगांना खातं.

एक सवय सोडा. सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच दाबून, गियर टाकून उभं राहू नका, न्यूट्रल करा. या इंजिनाची क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, मागेपुढे हलू नये म्हणून दोन अर्धगोल वॉशर असतात आणि क्लच दाबला की सगळा जोर त्यावर येतो. ते झिजून खाली पडले की क्रँक ब्लॉकलाच घासते, मग खर्च विचारू नका. तपासणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा. डोळ्याला दिसेल इतकी पुली पुढे आली तर गाडी लगेच उभी करा. ऑइल सम्प (खालचं तेलाचं भांडं) उतरवून वॉशर बदलता येतात, इंजिन काढावं लागत नाही.

मागच्या चाकांबद्दल तुळजापूरच्या घाटाने शिकवलं. हेरल्डची मागची दोन्ही चाकं आडव्या पाट्यावर स्वतंत्र झुलतात. वळणात वेगाने शिरलात आणि घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचं वजन उचलतं, चाकं पोटाखाली दुमडतात आणि शेपूट बाहेर येते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात पाय हलका पण टेकलेला ठेवा. हवा मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त. हाच गुण लोकांना पचला नाही म्हणून स्टँडर्डने १९७२ च्या गॅझेलला सरळ अखंड ॲक्सल दिला. मला मात्र तो दोष प्रिय आहे.

कागदांचं थोडक्यात. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, नंतर नाही. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही, रॅली आणि प्रदर्शनापुरती. मला महिन्यातून एकदा ही गाडी घेऊन अक्कलकोटला जायचं असतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

गाडी झाकायला प्लॅस्टिकचं कव्हर आणू नका, आत घाम धरतो. आमच्याकडे घरातल्या विरलेल्या दोन चादरी शिवून घेतल्यात. सोलापुरात चादरीला काय तोटा? सीटवरही तीच, कारण दुपारी रेक्झिनवर बसलं की चटका बसतो आणि बायको मग येताना रिक्षाने येते.

काम संपवून बोनेट बंद करताना दोन्ही बाजूंच्या कड्या हाताने ओढून बघा. हे बोनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं, इतकी सोय फार थोड्या गाड्यांत असते. बिजागऱ्या पुढे असल्याने वाऱ्याने उघडत नाही, पण एक कडी सुटली तर नळदुर्गपर्यंत पत्रा खडखडत राहतो आणि तुम्हाला वाटतं ट्रनियन गेला.