कॉलेजात विंडोज, घरी लिनक्स, ऑफिसात मॅक: कोड लिहायचा एडिटर कोणता घेऊ?

मी केलेली पहिली वेबसाईट काकांच्या भांड्यांच्या दुकानाची. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर झकास दिसत होती. सर्व्हरवर चढवली आणि लोगोच्या जागी फुटक्या चित्राची खूण. दोन तास एचटीएमएल वाचत बसले. शेवटी सापडलं: फाईलच्या नावात कॅपिटल एल होता आणि कोडमध्ये मी लहान एल लिहिला होता. विंडोजला दोन्ही सारखेच. मॅकलाही, मुद्दाम वेगळं काही केलं नसेल तर. सर्व्हर मात्र लिनक्सचा, त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. काकांनी फोनवर साईट बघून एवढंच विचारलं, "पाटी कुठाय?"

एडिटरबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात इथून केली, कारण त्याआधीचा अख्खा महिना मी "सगळ्यात भारी एडिटर कोणता" याचे व्हिडिओ बघण्यात घालवला होता. थीमही निवडून झाली होती, काळी-जांभळी. एडिटर कितीही बदला, फाईल मात्र एका मशीनवरून दुसरीवर जाताना बदलता कामा नये, हे त्यातल्या एकाही व्हिडिओने सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्याकडे घरी २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप होता, भावाने वापरून टाकलेला. त्यावर लिनक्स घातलं होतं. व्हीएस कोड हा एडिटर उघडला आणि शेजारी ब्राउझर उघडला की माउससुद्धा अडखळायचा. त्याचं कारण नंतर कळलं. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझरच असतो. मग घरी जीनी नावाचा एडिटर वापरायला लागले. दिसायला साधा, पण झटक्यात उघडतो आणि विंडोज-मॅकवरही चालतो. नोटपॅड प्लस प्लसही असाच हलका, पण तो फक्त विंडोजचा. लॅबमध्ये वेगळीच गंमत. मशीन रीस्टार्ट केलं की आपण टाकलेलं सगळं साफ. तिथे मी व्हीएस कोडची झिप फाईल पेन ड्राइव्हवर उलगडून, आत 'डेटा' नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवला. एवढं केलं की सेटिंग आणि एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडलेल्या जादा सोयी, त्याच फोल्डरमध्ये राहतात, आपल्याबरोबर फिरतात.

नोकरीत मॅक मिळाला. पहिला आठवडा बोटं कंट्रोल आणि कमांडमध्ये गोंधळली. व्हीएस कोडमध्ये कोड नीट मांडून घ्यायचा शॉर्टकट विंडोजवर शिफ्ट-ऑल्ट-एफ, मॅकवर शिफ्ट-ऑप्शन-एफ आणि लिनक्सवर चक्क कंट्रोल-शिफ्ट-आय. सेव्ह करतानाच फॉरमॅट होईल अशी सेटिंग लावा, ते शॉर्टकट पाठ करत बसू नका.

आता खरी कामाची जागा दाखवते: एडिटरच्या तळाची पट्टी. व्हीएस कोड, जीनी, नोटपॅड प्लस प्लस, तिन्हींत तिथे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे यूटीएफ-८, फाईलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत. मराठी मजकूर असेल तर दुसरं काही चालवून घेऊ नका. मी एकदा जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय ही मराठी न मावणारी जुनी पद्धत तशीच ठेवून, आलेली सूचना न वाचता ओके दाबलं होतं. दुकानाचा अख्खा पत्ता प्रश्नचिन्हं होऊन बसला. दुसरी गोष्ट एलएफ किंवा सीआरएलएफ, म्हणजे ओळ कशी संपते ते. विंडोजची जुनी सवय दोन चिन्हांची (सीआरएलएफ), लिनक्स आणि मॅकची एकाची (एलएफ). एचटीएमएलला फरक पडत नाही, पण सीआरएलएफवाली शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची फाईल) सर्व्हरवर चालवली की 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडते. फायलींतले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये तर एक शब्द न बदलता सगळी फाईल बदललेली दिसू शकते. एलएफ ठेवा, सगळीकडे. प्रोजेक्टमध्ये डॉट एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाईल ठेवली की हे नियम कोडबरोबरच राहतात. व्हीएस कोडला त्यासाठी एक एक्स्टेन्शन घालावं लागतं.

एडिटरच्या प्रेमात पडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ॲटम हा गिटहबचा एडिटर, आमच्या सीनियरचा जीव की प्राण. १५ डिसेंबर २०२२ला गिटहबने तो कायमचा बंद केला. सीनियरने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी व्हीएस कोडवर आला. त्याचे प्रोजेक्ट जसेच्या तसे उघडले.

म्हणून मशीन बरं असेल तर व्हीएस कोड घ्या, जुनं असेल तर जीनी. विम, म्हणजे नुसत्या कीबोर्डवर चालणारा जुना एडिटर, आत्ता नको. सर्व्हरवर त्यात अडकलात तर एस्केप दाबून कोलन-क्यू-उद्गारचिन्ह टाइप करा आणि एंटर मारा, बाहेर पडाल. आणि थीम निवडण्याआधी एक फाईल करा, सगळं नाव लहान अक्षरांत. तिच्यात 'ज्ञानेश्वर, क्षितिज, ऱ्हास' एवढं लिहून सेव्ह करा. मग वापरायच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ती उघडा, एक अक्षर वाढवा, पुन्हा सेव्ह करा आणि पहिल्या मशीनवर परत आणून तळाची पट्टी वाचा.