गोव्याच्या लाल कुणबी साडीवर पांढरे ठिपके आले तर आधी कापूस तपासा

गडद लाल कापडावर बारीक पांढरे ठिपके दिसले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. मीपण लावला होता, बोललो पण नको ते, आणि मागाहून कळलं बिचाऱ्याची चूकच नव्हती. बोंडात नीट न पिकलेला तंतू रंग धड धरत नाही, फरदडीचा (जुन्याच झाडाला पुन्हा आलेला) नाहीतर कवडीचा (नीट न उमललेल्या, खराब बोंडातला) माल कापसाच्या गाठीत घुसला की अशा तंतूंच्या गुठळ्या होतात आणि पांढऱ्या सुतात त्या कुणाला दिसत नाहीत.

म्हणून ठिपक्याजवळचा धागा सोडवून भिंगाखाली धरा. गुंतवळ दिसली तर कच्चा कापूस. सरळ चकचकीत दोरा दिसला तर तो प्लास्टिकच्या पोत्याचा (वेचणी सुती पिशवीत केली असती तर हा त्रासच नव्हता), काडी लावून बघा, कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, प्लास्टिक वितळून गोळी होते.

गोव्यात कापूस पिकत नाही, सगळं बाहेरून येतं, पण कोणी रुई आणून कातत असेल तर चिमूटभर रुई दोन्ही चिमटीत धरून ओढा, एकावर एक ठेवून परत ओढा, सात-आठ वेळा केलं की तंतू सरळ होतात, मग काळ्या कापडावर ठेवून पट्टी लावा. २८-२९ मिमी म्हणजे लांब धाग्याच्या कापसात बसला.

खात्री हवी तर लॅब. मुंबईत माटुंग्याला सिरकॉट आहे, कापसावर संशोधन करणारी १९२४ पासूनची सरकारी संस्था. नमुना गाठीच्या दोन्ही बाजूंनी काढायचा, नुसता वरचा नाही. रिपोर्टात मायक्रोनेअर (तंतू किती बारीक आणि किती पिकलेला याचा आकडा) ३.५ च्या खाली असेल तर कापूस कच्चा असू शकतो, पण जातच बारीक असली तरी आकडा खाली येतो, म्हणून मॅच्युरिटीपण (तंतू किती पिकलाय ते) विचारा.

आणि वजन! व्यवहारात कापसाचा ओलावा ८.५ टक्के धरतात, आपल्याकडे जुलैत तोच माल हवेतलं पाणी पिऊन जड होतो. वजन कुठल्या ओलाव्यावर धरलंय ते आधीच ठरवा, नाहीतर पाण्याचे पैसे मोजाल.

रिपोर्ट कपाटात ठेवू नका हां. लॉट नंबर, ठिपक्याचा फोटो आणि थोडं सूत सूतगिरणीला पाठवा, त्यांना जिनिंगवाल्यापर्यंत (कापसातली सरकी काढणाऱ्यापर्यंत) पोचवायला सांगा. नुसतं "माल खराब" म्हटलं तर कोण ऐकतो, लॉट नंबर दिला की गाठ कुठली ते शोधता येतं. आमचा रंगारी तर आता नवा लॉट आला की आधी एकच लडी रंगवून दाखवतो, मी हो म्हटल्याशिवाय बाकीचं भांड्यात टाकत नाही.