लँडलाइन खरखरतेय? डबी उघडण्याआधी या चुका टाळा

पहिला पाऊस पडला की आमच्या फोनमध्ये कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा. वडिलांनी दोन वेळा फोनच बदलला. दोष निघाला खिडकीच्या चौकटीमागे, पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेल्या जोडात. टेप सोडवली, तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

यंत्राला बोल लावणं ही पहिली चूक. आधी घरातले सगळे फोन आणि मोडेम काढा. लाइन घरात शिरते त्या पहिल्या डबीला, म्हणजे रोझेटला, एकच चालू फोन आखूड कॉर्डने जोडा. खरखर तशीच राहिली तर दोष बहुधा बाहेर, डीपीकडे (जिथून घराघरांच्या लाइन फुटतात ती पेटी) किंवा तिथून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरमध्ये. तिथे आपण हात घालायचा नाही, तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहायची. खरखर थांबली तर दोष घरातच आहे. मग एकेक फोन परत जोडत जा.

फोन अगदीच मेला असेल तर मोबाइलवरून आपलाच नंबर लावा. मोबाइलमध्ये रिंग ऐकू येतेय पण घरात सामसूम, तर बहुधा तार कुठेतरी सुटली आहे. सतत एंगेज येत असेल तर दोन तारा एकमेकींना टेकल्या असतील. रिसीव्हर उचलला की फोन दोन तारांमधून प्रवाह वाहू देतो आणि त्यावरूनच एक्स्चेंजला उचलल्याचं कळतं. तारा टेकल्या तरी त्याला तसंच वाटतं. अर्थात, आतल्या खोलीतला पॅरलल फोन तिरका ठेवलाय का, हे आधी बघा. आमच्याकडे निम्म्या वेळा तेच निघायचं.

‘फोनच्या तारेत कसला शॉक!’ असं म्हणणारे लाइनवर रिंग यायच्या आत म्हणून घेतात. एरवी लाइनवर सुमारे 48 व्होल्ट डीसी असतात, पण रिंग येताना साधारण 75 व्होल्ट एसी येतात. स्क्रू सोडवताना तेव्हाच कुणाचा फोन आला, तर सणकन बसतो. डबीचं काम कोरड्या हातांनीच करा. विजा कडाडत असतील तर मुळीच करू नका.

सर्वात जास्त घोळ जोडांत. दातांनी किंवा ब्लेडने तार सोलताना तांब्याला चीर पडते, आणि महिन्याभराने तिथेच तुकडा पडतो. स्क्रूखाली तार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवा, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते, उलटी वळवली तर बाहेर सरकते. बाहेरून येणारी वायर थेट भोकात घालू नका. भोकाच्या खाली तिला एक झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी त्या झोळावरून टपकेल, डबीत जाणार नाही. आमच्या खिडकीत नेमकं हेच कुणी केलं नव्हतं.

चार किंवा आठ तारांची केबल वापरलीत तर फोनसाठी एकाच जोडीतल्या दोन तारा घ्या, निळी आणि तिच्या जोडीची पांढरी-निळी. एक निळी, एक नारिंगी घेतली तर डायल टोन येतो, पण जोडीतल्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने बाहेरचा गोंगाट अडतो, तो फायदा जातो आणि लाइन गुणगुणू लागते. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपातून फोनची वायर नेणं तर धोक्याचंच.

जुनं तांब्यावरचं ब्रॉडबँड असेल, तर प्रत्येक फोनला फिल्टर, म्हणजे फोनचा आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारी छोटी डबी, हवा. मोडेमची कॉर्ड मात्र फिल्टरच्या फोनच्या खाचेत खुपसू नका, नेट लागणार नाही.

फायबर घेतलं असेल तर फोन त्याच्या मोडेममधूनच चालतो. त्याची कॉर्ड भिंतीतल्या जुन्या वायरिंगला जोडून सगळ्या खोल्यांत फोन न्यायचा असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची लाइन रोझेटमधून आधी सोडवा. आणि वीज गेली की हा फोनही जातो. जुन्याला वीज एक्स्चेंजकडून मिळायची, याला मोडेमसाठी बॅटरी लावावी लागते.