संघ तोच, की नाव तेच? जुन्या क्लबाचा इतिहास लिहिण्याआधी

इंदूरमधल्या कुठल्याही जुन्या मराठी क्लबाची पन्नाशीची किंवा पंच्याहत्तरीची स्मरणिका उघडा. गणपतीचा फोटो, अध्यक्षांचं मनोगत, जाहिराती, आणि मध्येच कुठेतरी दीड पानाचा ‘संस्थेचा इतिहास’. त्यात काही क्रीडाप्रेमी तरुणांनी रोपटं लावलेलं असतं आणि त्याचा वटवृक्ष झालेला असतो. मैदान कोणतं, कर्णधार कोण, टोपी कुठल्या रंगाची, यातलं काही नसतं. यंदा ते दीड पान ज्यांच्या गळ्यात पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं क्रिकेटची आहेत, पण खो-खो-कबड्डीलाही रीत हीच.

लिहायला बसण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: आपण नेमका कोणता धागा धरणार?

हा प्रश्न अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मायनर लीगवाल्यांना रोजचा आहे. तिथे मोठ्या क्लबांच्या हाताखाली लहान गावांचे संघ असतात. २०२१ च्या फेररचनेनंतर असे १२० संघ राहिले, ३० मोठ्या क्लबांना प्रत्येकी चार. खेळाडू मोठ्या क्लबाच्या पगारावर, आज आहे, उद्या वर गेला. गावाकडे उरतं ते नाव, टोपी आणि मैदान. कधी तेही उरत नाही. डरहॅम बुल्स हा नॉर्थ कॅरोलायनातला जुना संघ. १९९८ मध्ये डरहॅमला वरच्या दर्जाचा नवा संघ मिळाला आणि त्याने बुल्स हेच नाव घेतलं. कॅरोलायना लीगमधला जुना संघ डॅनव्हिलला गेला आणि पुढच्याच वर्षी मर्टल बीचला. मग बुल्सचा इतिहास कुणाचा? डरहॅमचे लोक एका क्षणाचाही विचार न करता ‘आमचा’ म्हणतात, कारण त्यांनी गाव आणि नाव हा धागा धरला आहे. संघाच्या मालकी हक्काचा धागा धरला, तर उत्तर मर्टल बीचला जातं.

हे लांबचं वाटत असेल तर घरचं बघा. रणजी स्पर्धेत आपल्याकडचा संघ आधी सेंट्रल इंडिया, १९४१-४२ पासून होळकर, १९५४-५५ नंतर मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश. होळकर नावाने १४ हंगाम, त्यात १० अंतिम सामने आणि ४ अजिंक्यपदं: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूत मुंबईला हरवलं, तेव्हा ते पहिलं अजिंक्यपद की पाचवं? नावाचा धागा धरला तर पहिलं, इंदूरचा धरला तर पाचवं म्हणायला वाव आहे. दोन्ही चालतं. एका पानावर पहिलं आणि दुसऱ्या पानावर पाचवं, हे मात्र चालत नाही. बडोद्याची गोष्ट बरोबर उलटी. बडोदा संस्थान विलीन झालं, मुलूख आधी मुंबई राज्यात आणि मग गुजरातेत गेला, शहराचं नाव वडोदरा झालं, तरी संघ बडोदाच राहिला. त्यामुळे १९४२-४३ पासून २०००-०१ पर्यंतची त्यांची पाचही अजिंक्यपदं विनावाद एका ओळीत बसतात.

आपल्या क्लबासाठी एका कागदावर चार धागे लिहा: नाव, मैदान, माणसं, नोंदणी. प्रत्येक धागा कुठल्या वर्षी तुटला किंवा बदलला, ते समोर मांडा. ज्यात सर्वांत कमी गाठी असतील तो मुख्य धागा. बाकीचे मजकुरात सांगायचे, पण वर्षांची मोजणी मुख्य धाग्यानेच. नेहमीची चूक होते ती नोंदणीपाशी. मध्य प्रदेशात संस्था १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदतात. क्लब मात्र त्याआधी वीस वर्षं खेळत असू शकतो किंवा नोंदणीनंतर दोन वर्षांनी पहिला सामना खेळलेला असू शकतो. म्हणून ‘स्थापना’ आणि ‘नोंदणी’ अशा दोन वेगळ्या ओळी छापा. स्थापनेसाठी पुरावा हवा तो पहिल्या सामन्याचा किंवा पहिल्या वर्गणीच्या पावतीचा.

आता तक्ता. मोठ्या शीटवर आठ रकाने आखा: हंगाम, तेव्हाचं नाव, मैदान, कर्णधार, स्पर्धा, निकाल, टोपीचा रंग, पुरावा. वर्ष एकेरी लिहायचं नाही, हंगाम लिहायचा. होळकर आणि मुंबई यांचा गाजलेला अंतिम सामना मार्च १९४५ मध्ये झाला, पण हंगाम १९४४-४५. कुणी ‘चव्वेचाळीस’ म्हणतं, कुणी ‘पंचेचाळीस’, आणि बेसावध लेखक त्याचे दोन सामने करून टाकतो. तारखांचा रकाना स्वतंत्र ठेवला, तर तोही दोन तारखा मावतील इतका रुंद असू द्या. बेसबॉलचा सर्वांत लांबलेला व्यावसायिक सामना, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, १८ एप्रिल १९८१ ला सुरू झाला, ३२ डाव खेळून पहाटे चारनंतर थांबला आणि ३३ वा डाव २३ जूनला झाला. सामना एक, तारखा दोन. (पॉटकेटचा तो संघही २०२१ मध्ये वूस्टरला गेला. धाग्याचा प्रश्न पुन्हा तिथेच.)

पुराव्याच्या रकान्यात एक अक्षर पुरतं: ‘क’ म्हणजे त्या काळचा कागद, ‘व’ वर्तमानपत्र, ‘फ’ फोटो, ‘त’ तोंडी. ज्या ओळीला नुसता ‘त’ आहे ती पेन्सिलीत ठेवायची, दुसरं अक्षर मिळेपर्यंत शाई नाही. रिकाम्या ओळी रिकाम्याच राहू द्या. त्या भरण्याचा मोह फार होतो, आणि स्मरणिकेतल्या निम्म्या चुका त्यातूनच येतात.

जुनी स्कोअरबुकं बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत निघतात. उघडण्याआधी दिवसभर सावलीत, वाऱ्याला ठेवा; उन्हात कागद करकरीत होऊन घडीवर तुटतो. पानांमधली धूळ आणि कसर मऊ, कोरड्या ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झाडा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडतो आणि त्याखालची शाई वाचता येत नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा, पाकिटाएवढे लहान फोटो ६०० ला. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवून पाठवायला जेपेग काढा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि छापखान्यात चेहऱ्यांचे ठिपके होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोच्या मागे नावं लिहायची ती मऊ २बी पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

स्कोअरबुक मिळालं म्हणजे आकडा मिळाला असं नाही. आधी बेरीज करा. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण. नंतर गोलंदाजांकडून तपासा, आणि इथे बरेच जण अडतात. १९८० च्या दशकाआधी वाईड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात धरत नसत. तेव्हा जुन्या वहीत गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक सगळे अवांतर असा हिशोब जुळतो. नव्या वहीत फक्त बाय आणि लेगबाय मिळवायचे. हे माहीत नसलं, तर बरोबर असलेली वही ‘दुरुस्त’ केली जाते.

नमुना घ्या. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात होळकरांनी इंदुरात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. शतकं सहा: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंग १००. बेरीज ७८०. म्हणजे उरलेले फलंदाज आणि अवांतर मिळून १३२. तुमच्या हातातल्या कात्रणात हा फरक वेगळा येत असेल, तर एखादा आकडा उतरवताना चुकला आहे, बहुधा १ आणि ७ मध्ये. विजयाचं अंतरही असंच पडताळा. १९४४-४५ च्या त्या अंतिम सामन्यात मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. १२२६ वजा ८५२, म्हणजे ३७४ धावांनी हार. जुळलं.

हार झाली ती छापायची का, यावर समितीत हमखास वाद होतो. छापायची. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने ७८४ केल्या, त्यात हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ ची भागी. होळकर २०२ आणि १७३, एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव. हे पान फाडलं, तर पुढच्याच वर्षीच्या अजिंक्यपदाला काय अर्थ उरला? सहा अंतिम सामने हरलेला संघ म्हणून होळकर लहान होत नाहीत.

नावांची गफलत ही आपली खास अडचण. वहीत नुसतं ‘गायकवाड’ असेल तर थांबा. होळकरांकडून हिरालाल गायकवाड, बडोद्याकडून दत्ताजीराव गायकवाड, काळ एकच आणि दोघेही १९५२ मध्ये भारताकडून कसोटी खेळलेले. आद्याक्षरांशिवाय नाव तक्त्यात घेऊ नका. मराठी नावात मधलं अक्षर वडिलांचं, त्यामुळे बापलेक एकाच क्लबात खेळले असतील तर लेकाचं मधलं अक्षर बापाच्या पहिल्या अक्षराशी जुळतं का, ते बघा. इंदूरची बरीचशी कात्रणं हिंदी असतात. १९४७ पासूनच्या नई दुनियाच्या फायली चाळताना आडनावं हिंदी वळणाने लिहिलेली धरून चाला. सामन्याच्या नव्हे, दुसऱ्या दिवसाचा अंक काढा.

म्हाताऱ्या खेळाडूंकडे जाताना ‘काका, कुठलं साल होतं?’ हा प्रश्न नेऊ नका. काका प्रेमाने एक साल सांगतील आणि ते चुकीचं निघेल. फोटो हातात द्या आणि आजूबाजूचं विचारा. मॅटिंग होतं की टर्फ? नेहरू स्टेडियम तेव्हा होतं का? यष्टीमागे कोण? सामन्यानंतर पोहे कुणाच्या घरी झाले? यातून वर्ष आपोआप आवळत येतं. दोघांना एकत्र बसवू नका, मोठ्या आवाजाच्या काकांची आठवण दुसऱ्याचीही होऊन बसते. दुपारच्या चहानंतर जा, पाऊण तासात उठा, हवं तर परत जा.

राहिली ओळख: नाव, रंग, चिन्ह. मायनर लीगमधली टिकलेली नावं बघितली तर एक गोष्ट दिसते, गावच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. टोलेडोचं जुनं मैदान दलदलीशेजारी होतं, तिथे पाणकोंबड्या फिरत, म्हणून संघ मड हेन्स, १८९६ पासून. लीहाय व्हॅली पोलादाचा मुलूख, कच्च्या लोखंडाला इंग्रजीत ‘पिग आयर्न’ म्हणतात, ते उलटवून आयर्नपिग्स. फ्रेस्नोचा ग्रिझलीज हा संघ २०१५ पासून अधूनमधून एखाद्या सामन्यापुरता टाकोज होतो, म्हणजे चक्क एका खाद्यपदार्थाचं नाव घेतो. आपल्याकडे रविवारच्या प्रदर्शनी सामन्यात ‘इंदूर पोहे-जलेबी’ धमाल होईल, पण तक्त्यातलं नाव तेवढ्यासाठी बदलू नका.

जुना रंग शोधायचा तर कृष्णधवल फोटोचा उपयोग नाही. मरून आणि गडद हिरवा त्यात सारखेच दिसतात. एखादी उरलेली टोपी मिळवा, आतली घामाची पट्टी उलटवा आणि शिवणीच्या आतलं कापड बघा. ऊन न लागलेला रंग तिथे सापडतो. तो दुकानातल्या दोऱ्याच्या शेड कार्डाशी जुळवून नंबर लिहून ठेवा. नंबर नसला की दर वर्षी मरून थोडा थोडा करत शेवटी चॉकलेटी होतो.

चिन्हात राजवाडा घ्यायचा मोह प्रत्येक इंदुरी समितीला होतो. सात मजले, झरोके, कमानी, आणि टोपीच्या पुढच्या भागावर भरतकामाला उंची मिळते जेमतेम पाच-साडेपाच सेंटिमीटर. मशीनवर त्याचा गोळा होतो. घ्यायचाच तर दरवाज्याची एक कमान घ्या. देवनागरी अक्षर किमान ८ ते १० मिलिमीटर उंच ठेवा. त्याहून लहान केलं तर अनुस्वार शिरोरेषेत बुडतो आणि ‘ष्ट्र’ची गाठ होते. सहा पॅनेलच्या, म्हणजे कापडाच्या सहा तुकड्यांच्या, टोपीत मधोमध शिवण येते, एकच मोठं अक्षर असेल तर ते तिथे दुभंगतं. त्यासाठी पाच पॅनेलची घ्या. दोऱ्याचे रंग तीनपेक्षा जास्त नकोत. पंचिंग (भरतकामाच्या मशीनसाठी चिन्हाची फाइल बनवणं) झाल्यावर एक नमुना काढून, दहा फुटांवर ठेवून, चिन्ह न सांगता कुणाला तरी ओळखायला लावा. मगच बाकीच्या तीस टोप्यांची ऑर्डर द्या.

स्मरणिकेत तक्ता रिकाम्या ओळींसकट छापा आणि शेवटी शुद्धिपत्राला अर्धं पान कोरं सोडा. समारंभानंतर महिन्याभरात कुणाच्या तरी घरची ट्रंक उघडतेच, आणि तेव्हा नेमकी १९६३-६४ ची वही घेऊन कुणीतरी दारात उभं असतं.